‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

पत्राचा गोषवारा: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ४३ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. सासूबाई ७७ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दुपार कलली की त्या कपड्यांचं गाठोडं बांधतात आणि ‘मला माझ्या घरी सोड’ म्हणून दारात बसतात. आंघोळ नको म्हणतात. ‘माझ्या पाटल्या हिनंच चोरल्या’ असं शेजारणींना सांगतात. रात्री दोन-तीन वेळा उठतात. यजमान कारखान्यात पाळ्यांवर, मुलगी दहावीत, घरातलं शिवणकाम बंद पडलेलं. गेल्या आठ-दहा दिवसांत सासूबाईंचं एकदम वाढलं आहे. खोलीत कुणी माणसं बसली आहेत असं म्हणतात. त्यातच एकदा आंघोळीच्या वेळी या ताईंनी त्यांचा हात इतका जोरात धरला की मनगटावर वळ उठले. त्या लिहितात: ‘माझीच सहनशक्ती कमी पडतेय का? सगळे म्हणतात म्हातारचळ आहे, सोसायला हवं. हेही म्हणतात, आई आहे, सहन करायला हवं. बाई ठेवली तर लोक काय म्हणतील? मोठ्या नणंदबाई कोल्हापूरला, धाकटे दीर पुण्याला. दोघंही “काही लागलं तर सांग” म्हणतात, पण फोन लावला की माझं सांगायचं राहूनच जातं. मार्गदर्शन मागायचं तरी कुणाकडे?’

ताई,

तुमच्या प्रश्नांच्या आधी एक तातडीची गोष्ट, कारण ती पत्राच्या मधल्या एका ओळीत दबून गेली आहे. ‘आठ-दहा दिवसांत एकदम वाढलं’ असं तुम्ही लिहिलंय. अल्झायमर आठवड्याभरात असा उसळत नाही, तो महिन्यामहिन्यांनी सरकतो. काही दिवसांत माणूस बदलला, नसलेली माणसं दिसू लागली, तर मूळ आजारावर दुसरं काहीतरी येऊन बसलं आहे असं धरून चालायचं. बहुतेक वेळा ते बरं होण्यासारखं असतं. म्हाताऱ्या बायकांमध्ये लघवीचा संसर्ग हे नेहमीचं कारण. या वयात तो ताप किंवा जळजळ न होताही येतो, दिसतो तो फक्त गोंधळ. चार-चार दिवस शौचाला न होणं, पाणी कमी पिणं, रक्तातलं सोडियम उतरणं (रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर विशेष) ही बाकीची कारणं. सर्दी-खोकल्याचं नवं औषध सुरू केलं असेल तर त्यातल्या क्लोरफेनिरामिनसारख्या घटकानेही असा गोंधळ होतो. झोपेच्या गोळीनेही होतो. आणि गेल्या महिना-दीड महिन्यात त्या पडल्या होत्या का, डोकं आपटलं होतं का, हे आठवून पाहा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून त्याचा परिणाम काही आठवड्यांनी दिसू शकतो.

म्हणून या आठवड्याचं पहिलं काम डॉक्टर. घरात त्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांपुढे ‘फार त्रास देतात’ असं म्हणू नका. ‘हे नेहमीचं नाही, साधारण अमुक तारखेपासून बदल झालाय’ असं म्हणा, कारण या वाक्याने तपासाची दिशा बदलते. लघवीची तपासणी, रक्ताची साधी तपासणी, सोडियम-पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन एवढं करून घ्यायला सांगा. थायरॉइड आणि बी-१२ वर्षभरात तपासलं नसेल तर तेही. त्या अचानक सुस्त झाल्या, हलवून जाग्या होईनात, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा.

आता मनगटावरच्या वळांविषयी. तुम्ही ते लिहिलंत, लपवलं नाहीत, म्हणून त्यावर काही करता येईल. त्याला हलकं म्हणता येणार नाही. त्यांची त्वचा पातळ झालेली आहे, हाडं ठिसूळ आहेत, आणि त्या कुणाला सांगू शकत नाहीत. पण अशी वेळ कुठे येते हे ठरलेलं असतं: आंघोळ, कपडे बदलणं, रात्रीचं तिसरं उठणं. त्या क्षणापुरता एक नियम आजच ठरवा. आवाज चढतोय किंवा दात-ओठ घट्ट आवळले जातायत असं जाणवलं की हात सोडायचा. सासूबाई पडणार नाहीत अशा जागी आहेत एवढं बघायचं, गॅस बंद करायचा आणि दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात दहा मिनिटं जायचं. आंघोळ राहिली तर राहिली. तिथून एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा. तो माणूस आत्ताच, डोकं शांत असताना ठरवून ठेवा आणि त्याला सांगूनही ठेवा की ‘मी अशा वेळी फोन करीन, उपाय सांगू नकोस, फक्त ऐक’. असा प्रसंग पुन्हा घडला तर ती धोक्याची खूण समजा. कामाचा भार त्याच आठवड्यात कमी करायचा, पुढच्या महिन्यात नव्हे.

सहनशक्तीचं म्हणाल तर तुमच्या यजमानांच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तुमच्या घरात तिन्ही पाळ्यांना एकच माणूस आहे, आणि त्याला साप्ताहिक सुट्टी नाही. गेल्या सात रात्री तुम्ही सलग किती तास झोपलात ते कॅलेंडरवर लिहून पाहा. सलग चार तासही निघत नसतील तर चिडचिड, रडू येणं, साध्या गोष्टी विसरणं हे झोपेच्या तुटवड्याचं काम आहे. तुमच्या स्वभावाला त्यासाठी दोष देऊ नका. सहनशक्ती वाढवण्याचे उपाय शोधण्याआधी झोप मिळवावी लागते, आणि झोप मिळवायची तर रात्री दुसरं माणूस लागतं. यजमानांची ज्या आठवड्यात दिवसपाळी असेल, त्यातल्या निदान दोन रात्री आईजवळ त्यांनी झोपायचं आणि तुम्ही दार लावून दुसऱ्या खोलीत. ‘आई आहे, सहन करायला हवं’ हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. आई त्यांची आहे, सहन करण्यात त्यांचाही वाटा असू द्या.

‘म्हातारचळ’ हा शब्द मात्र घरातून काढून टाका. त्यात दोन चुका आहेत. एक, हे वयाबरोबर सगळ्यांनाच होतं असं त्यातून वाटतं. साठीपुढच्या बहुसंख्य लोकांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) होत नाही. देशभरच्या पाहणीवरून काढलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा आहे. दोन, चळ म्हटलं की हट्ट आणि मुद्दाम केलेलं असं मनात येतं.

पाटल्यांचंच घ्या. नवी आठवण मेंदूत टिकत नाही, जुन्या टिकलेल्या असतात. सासूबाईंना पाटल्या आहेत हे पक्कं आठवतं. त्या जपून ठेवाव्यात असं वाटून त्यांनीच कुठेतरी, बहुधा तांदळाच्या डब्यात किंवा गादीखाली, खुपसलेल्या असतात. ठेवल्याचं आठवत नाही. मग ‘होत्या’ आणि ‘नाहीत’ यांच्यामधली जागा मेंदू भरतो: कुणीतरी नेल्या. आणि समोर सतत दिसणारं माणूस तुम्ही. जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच आळ येतो तो असा. ‘मी नाही घेतल्या’ हे सांगून उपयोग होत नाही, वाद वाढतो. ‘पाटल्या सापडत नाहीत होय? चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा आणि शोधताना दुसऱ्या विषयावर या. त्या कुठे कुठे लपवतात त्या जागा एका कागदावर टिपून ठेवा. खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पण ते एकट्याने नेऊ नका. नणंदबाई आणि दीर दोघांनाही आधी कळवा, फोटो काढा, वजन लिहा. हे न केल्याने पुढे भावंडांत कायमची वितुष्टं येतात. हातात घालायला साध्या पाटल्या आणून द्या.

‘घरी जायचंय’ म्हणताना त्यांना बहुतेक पत्ता अभिप्रेत नसतो. अंधारून येतंय, काही ओळखीचं वाटत नाही, भीती वाटते, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. ‘हेच तुमचं घर’ हे उत्तर त्यांना खोटं वाटतं. ‘जाऊ या की, थोडं खाऊन निघू’ म्हणा, किंवा खरंच पुढच्या दाराने बाहेर काढून गल्लीला एक फेरी मारून परत आणा. पण या संध्याकाळच्या अस्वस्थतेवर खरा उपाय सकाळी आणि दुपारी होतो. सकाळी अर्धा तास अंगणात उन्हात बसवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. चहा तीननंतर नको. पाच वाजताच, अंधार पडायच्या आधी, घरातले सगळे दिवे लावा. सावल्या कमी झाल्या की माणसं दिसणंही पुष्कळदा कमी होतं. खोलीत आरसा असेल तर झाका, अनेकांना आरशातलं स्वतःचंच रूप परकं वाटतं. पाच ते सात हातांना काम द्या: लसूण सोलणं, शेंगा निवडणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. घडी नीट झाली नाही तरी चालेल, त्यांच्यासमोर पुन्हा घालायची नाही.

आंघोळीचा हट्ट बहुधा भीतीचा असतो. थंडी वाजते. परक्या वाटणाऱ्या माणसासमोर कपडे काढावे लागतात. डोक्यावरून अचानक पाणी येतं. ओली फरशी किंवा काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह आधी सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, बाकी दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तोंड, काखा, स्तनांखालचा भाग, जांघा पुसून कोरड्या करायच्या. आंघोळीच्या दिवशी बादलीतल्या गरम पाण्याच्या वाफेने न्हाणीघर आधी उबदार होऊ द्या. पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा रुंद स्टूल ठेवा, खांद्यावर टॉवेल टाकून बसवा, पाणी पायांपासून सुरू करा, तांब्या त्यांच्याच हातात द्या. आयुष्यभर पहाटे आंघोळ केलेल्या बाईला अकरा वाजता न्हाणीत नेलं तर ती बिथरते. वेळ त्यांच्या सवयीची हवी. आणि ‘आंघोळ करायची का?’ असं विचारू नये. उत्तर ‘नाही’च येणार.

रात्रीचं थोडक्यात. रात्रीचं जेवण झाल्यावर पाणी थोडंच, पण दिवसभरात भरपूर. दहाला लघवीला नेऊन आणा. पलंगाशेजारी कमोड खुर्ची आणि मंद दिवा ठेवा. दाराला वरच्या बाजूला कडी किंवा घुंगरू लावा, मात्र त्यांना एकटीला आत कोंडून कधीही बाहेर जाऊ नका. सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद. त्यांच्या ब्लाउजच्या आत नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवून टाका. शिवणकाम तुमच्या हातातलं आहे, सगळ्या ब्लाउजना एका दुपारी होऊन जाईल. महिन्याभरातला स्पष्ट फोटो फोनमध्ये असू द्या.

मार्गदर्शन कुणाकडे, हा तुमचा खरा प्रश्न. सगळं जाणणारं एक माणूस सापडेल असं मनात धरून शोधत राहिलं की माणसं थकतात. प्रश्न वेगळे काढले की दारं सापडतात.

औषध आणि वागणं यांचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाचा. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागाचे वार आधी विचारून घ्या. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि तुम्हाला अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च आडवा यायला नको. जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. अल्झायमरची गोळी (बहुधा डोनेपेझिल) रात्री दिली जात असेल तर ‘ती सकाळी दिली तर झोप सुधारेल का?’ हा पहिला, कारण काहींची तिने झोप बिघडते आणि विचित्र स्वप्नं पडतात. ‘शांत राहण्याची गोळी’ (अँटिसायकोटिक) लिहून दिली तर ‘ही किती आठवड्यांसाठी, आणि थांबवायची कधी?’ हा दुसरा. या गटातल्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. गरज असेल तेव्हा ती द्यावीच लागतात, पण कमीत कमी मात्रेत आणि ठरल्या मुदतीनंतर पुन्हा तपासून. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहायची नाहीत. तिसरा प्रश्न तुमचा स्वतःचा: ‘मला झोप नाही, मी त्यांच्यावर हात टाकला, मी काय करू?’ हा प्रश्न रुग्णाच्या भेटीत विचारायला संकोच वाटतो. पण डॉक्टरांना तो कळला नाही तर ते फक्त सासूबाईंच्या गोळ्या बदलत राहतील.

तुमच्या मनासाठी टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. स्मार्टफोन लागत नाही. सुरुवात कशी करावी ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘घरात अल्झायमरचा पेशंट आहे, मी एकटी बघते, मला आता जमत नाहीये.’ दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक गेली असेल किंवा ‘हे सगळं संपावं’ असे विचार येत असतील तर फोन आजच करा. आणि ४३व्या वर्षी स्वतःचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. सासूबाईंचं रक्त घ्यायला येणारा माणूस तुमचंही घेऊन जाईल.

ज्येष्ठांच्या योजना, निवारा, छळ, कायदेशीर हक्क अशा कोणत्याही चौकशीसाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे. स्मृतिभ्रंशापुरतं काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून आहे. काळजी घेणाऱ्या कुटुंबांचे गट कुठे भरतात, ऑनलाइन कधी असतात याची चौकशी तिथे करता येते. गटात जाऊन काय मिळतं? आंघोळ न करणारी सासू दुसऱ्या कुणाच्या घरीही आहे, आणि त्यांनी काय केल्यावर ती उठली, हे मिळतं. पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलात तरी चालतं.

गोव्यात झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा इथे उल्लेख करावासा वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या ८१ जणांची कुटुंबं त्यात होती. त्यातल्या निम्म्या कुटुंबांकडे स्थानिक, थोडं प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते सहा महिने नियमित घरी जात. ते आजार समजावून देत, वागण्यावरचे साधे उपाय सांगत, सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. आजार तोच राहिला, पण काळजी घेणाऱ्यांची मानसिक प्रकृती सुधारली आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. म्हणजे मोठं इस्पितळ जवळ नसलं तरी नियमित येणारं, ऐकणारं, थोडं जाणणारं माणूस पुष्कळ उपयोगाचं असतं. गावातल्या आशाताई, आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, ज्येष्ठ नागरिक संघातली एखादी निवृत्त परिचारिका यांच्यापैकी कुणाला तरी ‘पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास याल का’ असं विचारा.

हेच पत्र दुसऱ्या आजाराचं नाव घालूनही येतं, म्हणून त्या वाचकांसाठी दोन ओळी. पार्किन्सनच्या कुटुंबांसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियासाठी पुण्यातच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. लहान मुलाचं बोलणं, चालणं, वागणं मागे पडतंय असं वाटणाऱ्या आईबापांनी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठावं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही विचार आहे.

आता बाई ठेवण्याचं. ‘लोक काय म्हणतील’ याला एक उलट प्रश्न विचारून पाहा: बोलणाऱ्यांपैकी रात्री तीन वाजता कोण येतं? पण खरी अडचण लोकांपेक्षा पहिल्या आठवड्यात असते. बहुतेक घरांत बाई येते, सासूबाई तिला हाकलतात, तिसऱ्या दिवशी ती सोडून जाते, आणि घरची बाई म्हणते, ‘बघा, माझ्याशिवाय त्यांचं होत नाही.’ होतं असं की नवं माणूस पहिल्याच दिवशी आंघोळ घालायला जातं. तसं करू नका. आठवड्यातून चार दिवस, दुपारी तीन ते सहा एवढ्यानेच सुरुवात करा. सासूबाईंना सांगताना ‘तुमच्यासाठी बाई ठेवलीय’ म्हणायचं नाही, ‘मला शिवणात मदत करायला आलीय’ म्हणा. पहिला आठवडा तुम्ही घरातच, पण दुसऱ्या खोलीत. तिने नुसतं शेजारी बसून शेंगा निवडायच्या, गप्पा मारायच्या. दुसऱ्या आठवड्यात वेणी घालणं, फेरीला नेणं. अंगाला हात लावायची कामं तिसऱ्या आठवड्यात. तुम्ही घराबाहेर पडायचं तेही तेव्हाच.

गावातलीच, सासूबाईंना ओळखीच्या बोलीत बोलणारी चाळिशी-पन्नाशीची मावशी मिळाली तर ब्युरोतल्या अनोळखी मुलीपेक्षा बरी. ब्युरोतून घेतलीत तर आधीच लिहून घ्या: महिन्याला सुट्ट्या किती, ती आली नाही तर बदली किती तासांत, पगारातला किती भाग ब्युरोचा, अनामत परत कधी. पोलिस पडताळणी दोन्ही बाबतींत करा. तिच्या हाती एक कागद द्या: गोळ्यांच्या वेळा, काय म्हटलं की सासूबाई चिडतात, काय म्हटलं की हसतात, जुनी कुठली गाणी आवडतात, कुणाला फोन करायचा. स्वयंपाक, भांडी, कपडे हे तिच्या कामात घुसवू नका. बाया बहुधा याच कारणाने सोडून जातात. आणि पहिल्या आठवड्यात तिच्यावरही चोरीचा आळ येणार हे तिला आधीच सांगा, ‘आमचा तुझ्यावर विश्वास आहे’ हेही सांगा.

पैशांचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ६५ वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. कमोड खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र त्यात बसतं. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार असतात. रोजच्या गोळ्या किंवा बाईचा पगार त्यात नाही, तेव्हा त्यावर विसंबून हिशेब करू नका. बाईचा पगार तीन भावंडांत वाटायचा. तुमचं शिवणकाम बंद पडल्याने महिन्याला किती बुडतात तो आकडाही त्या हिशेबात लिहा. तो कुणी धरत नाही, कारण तो तुम्हीच सांगितलेला नसतो.

कागदपत्रांबाबत एक चूक फार जण करतात. ‘आईचं मुखत्यारपत्र करून घेऊ, मग बँकेचं बघता येईल’ असं म्हणतात. आपण काय सही करतोय हे माणसाला कळत नसेल तर ते करता येत नाही. आधी केलेलं साधं मुखत्यारपत्रही देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्यानुसार संपतं. निदान नुकतंच झालेल्या घरांनी संयुक्त खातं, नॉमिनीची नोंद, मृत्युपत्र हे सहा महिन्यांच्या आत उरकावं, मृत्युपत्राला डॉक्टरांचा दाखला जोडून. तुमच्याकडे ती वेळ गेली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

मुलीविषयी थोडंसं. तिला आजीची राखण देऊ नका, दहावीचं वर्ष आहे. पण आजीला काय झालंय ते नीट समजावून सांगा, आणि रोज पंधरा मिनिटं तिने आजीजवळ बसून तिच्या लहानपणच्या गोष्टी विचाराव्यात. जुन्या आठवणी अजून शाबूत आहेत. पुढच्या वर्षी एवढ्या नसतील.

राहिली भावंडं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारी माणसं बहुधा खोटं बोलत नसतात. काय लागतं ते त्यांना दिसत नाही, आणि तुम्हाला वाटतं की एवढं तर त्यांना कळायलाच हवं. फोनवर विषय निघाला की ‘ठीक आहे’ तोंडातून निघून जातं, म्हणून तुम्ही बोलू नका, लिहा. कामाला नाव हवं, तारीख हवी, आणि नाही म्हणायला किंवा बदलून मागायला जागा हवी. तक्रार त्यात नको, वळांची गोष्ट मात्र हवी. शक्य असेल तर हा निरोप यजमानांच्या फोनवरून, त्यांच्या नावाने जाऊ द्या. भावाचं लिहिलेलं बहीण-भाऊ वेगळं वाचतात. त्यांना नाही जमलं तर तुमच्या नावाने पाठवा:

‘ताई, भाऊजी, आईंचं गेल्या काही दिवसांत वाढलंय. डॉक्टरांकडे तपासण्या करतोय. मला सलग झोप मिळत नाही. परवा आंघोळीला माझा मनाचा तोल गेला आणि मी त्यांचा हात जोरात धरला, वळ उठले. पुन्हा असं व्हायला नको म्हणून स्पष्ट लिहितेय. ताई, महिन्यातला एक शनिवार-रविवार तुम्ही इथे येऊन राहाल का? त्या दोन दिवसांत मी माहेरी जाऊन झोपणार आहे. भाऊजी, गोळ्या दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत मागवणं आणि डॉक्टरांची वेळ घेणं तुमच्याकडे द्यायचंय. रोज साडेपाचला आईंना पंधरा मिनिटं फोन कराल का? पडद्यावरचा चेहरा पाहून त्या गोंधळतात, नुसता आवाज पुरे. दुपारसाठी एक मावशी ठेवतोय, तिचा पगार तिघांत वाटू या. पाटल्या लॉकरमध्ये ठेवायच्या आहेत, तेव्हा दोघांपैकी एकाने सोबत यावं. यातलं काय जमेल, काय नाही, आणि त्याऐवजी काय जमेल, ते रविवारपर्यंत कळवा.’

हा मजकूर बुधवारी पाठवा. रविवार रात्रीपर्यंत उत्तर आलं नाही तर सोमवारी फोन लावा आणि ‘वाचलंत का’ असं विचारू नका. कॅलेंडर हातात घेऊन बसा आणि विचारा, ‘ताई, या महिन्यात कोणता शनिवार?’